तळमजल्याचं शून्य

आधीच सांगून टाकतो, ह्या गोष्टीत माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. बायकोनं घेऊन बघितली, दोन दिवसांत सोडून दिली.

मी वेबसाइटी बनवतो. मी आणि माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, अशी आमची दोघांची कंपनी. ड्रायक्लीनरच्या दुकानावर आमची खोली आहे. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते आणि वरून खाली आमची भांडणं जातात. भांडणं घरची नसतात, हत्यारांवरून, म्हणजे कामाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवरून असतात. ह्या धंद्यात वीस वर्षं काढली की माणसाला मतं फुटतात, म्हाताऱ्याच्या कानाला केस फुटतात तशी. माझं मत असं, की हत्यार हलकं हवं. मेहुणीचं मत असं, की हत्यार शहाणं हवं. ती माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे, आणि माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

काम आलं होतं हाडांच्या इस्पितळाचं. तळमजला आणि वर चार मजले, चौसष्ट विभाग, प्रत्येक विभागाचं एक पान. अशी चौसष्ट पानं कुणी हातानं लिहीत बसत नाही. एकच साचा करायचा, त्यात रिकाम्या जागा सोडायच्या: विभागाचं नाव, मजला, खोली, वेळ. मग एक छोटं हत्यार माहितीच्या तक्त्यातून एकेक ओळ उचलतं, त्या जागा भरतं आणि पानं पाडतं. छापील अर्जात नाव-पत्ता भरावा तसंच, फक्त भरणारा माणूस नाही. आता हे भरणारं हत्यार कुठलं घ्यायचं, ह्यावर आमचे तीन दिवस गेले.

मेहुणीला मोठं हवं होतं. मी म्हटलं, चौसष्ट पानांसाठी एवढं धूड कशाला, नाकापेक्षा मोती जड. माझ्याकडे एक होतं, पाचशे ओळींचं, एका फाइलीत मावणारं. शिकायला अर्धा तास. मला त्याचं फार कौतुक होतं. पोरगं पहिलं आल्यासारखं मी ते लोकांना दाखवत असे. मेहुणीनं ते सकाळभर चालवून बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, ह्याला एकच प्रश्न विचारता येतो, 'आहे का?' एवढाच. 'आहे, पण किती?' हे वेगळं विचारायची सोयच नाही. कुठेतरी अडकू आपण."

मी म्हटलं, घरात प्रश्न विचारणाऱ्या बायका कमी आहेत का, म्हणून हत्यारही तसलंच आणू? आणि मोठ्यानं हसलो. ती हसली नाही. "तुमची मर्जी," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. त्यांच्या माहेरी कुणी 'तुमची मर्जी' म्हटलं की माणसानं सावध व्हायचं असतं. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी मला ते कळलेलं नाही.

माहिती भरायचं काम इस्पितळातल्या एका बाईंकडे होतं. त्या रेकॉर्ड ठेवायच्या खोलीत बसत, म्हणून सगळे त्यांना रेकॉर्डबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीला बांधलेला. कागदावरच्या ज्या ओळीचं टायपिंग चाललंय तिच्याखाली फूटपट्टी ठेवायची, ओळ संपली की पट्टी एक घर खाली. एकदा टाइप करायच्या, मग पट्टी परत वर नेऊन तपासायच्या, मग पुन्हा एकदा. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. दर वर्षी सही करायची आणि दर वर्षी धाकधूक. यंदा मात्र कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. मला त्यांनीच सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, कुणाला बोलू नका, बोललं की बिनसतं.

माझ्याच तक्त्यात त्या ओळी भरत होत्या. एकदा त्यांनी मला फोन करून विचारलं, तळमजल्याला काय लिहू, 'तळ' लिहू की आकडा? मी काहीतरी खात होतो. भरल्या तोंडानं सांगितलं, शून्य लिहा, आकडा बरा पडतो. शून्य दिसलं की पानावर 'तळमजला' असं उमटेल अशी तजवीज मी करून ठेवली होती. बरं म्हणाल्या.

साच्यात मी लिहिलं होतं: मजला असेल तर दाखव, नसेल तर ती ओळ गाळ. कारण रुग्णवाहिका, फोनवरची चौकशी अशा दोन-तीन विभागांना मजलाच नव्हता. काम झालं, मी तीन पानं उघडून बघितली, तिन्ही वरच्या मजल्यांची निघाली. झकास दिसत होती. तक्ता बंद केला, म्हणजे तो आता फक्त माझ्याकडेच उघडणार, आणि वेबसाइट सुरू करून दिली.

आता आई. माझी आई त्र्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी हैराण, पण तिला हात धरलेला खपत नाही. शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून तिनं आम्हाला वाढवलं. ती वेबसाइट तिनं शेजारणीला दाखवली, वाण्याला दाखवली, दूधवाल्याला थांबवून दाखवली. "माझ्या मुलानं केलंय हे सगळं." मी हे ऐकून 'पुरे आई' म्हणायचो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन खूश व्हायचो.

त्याच इस्पितळात तिला गुडघ्यांचे व्यायाम सांगितले. मी सोडायला येतो म्हटलं तर म्हणाली, तुझं काम कर, मला वाचता येतं. गुरुवारी सकाळी फोनवर पान उघडून ती निघाली. पानावर होतं: सांधे व्यायाम विभाग, खोली १४, सकाळी नऊ ते बारा. मजला नव्हता.

त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक खोली १४ आहे. तळमजल्यावरची औषधांच्या खिडकीमागे, वळणावर, दिसेल न दिसेल अशी. आई ओळीत दिसणाऱ्या दारांचे आकडे बघत गेली, दहापर्यंत आली आणि पुढे जिना लागला. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. ती जिना चढली. पहिल्या मजल्यावरच्या चौदात रक्ताची तपासणी, दुसऱ्यावर चादरींचं कोठार, तिसऱ्यावर कुलूप. तिथल्या शिपायानं म्हटलं, आजी, खाली जाऊन विचारा ना कुणाला. आई त्याला म्हणाली, विचारायचं काय त्यात, माझ्या मुलानं लिहिलंय ते चुकायचं नाही, मीच नीट बघत नसेन. आणि चौथ्यावर गेली. तिथेही नव्हतं. उतरताना पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे गुडघ्यानं दगा दिला. पाच पायऱ्या. उजव्या हाताचं मनगट मोडलं आणि कंबर अशी ठेचकाळली की तिला बसवेना.

मला फोन आला तसा मी पायातल्या घरातल्या चपलांनीच धावलो. प्लास्टर घालायच्या खोलीत आई पडलेली, शेजारी इस्पितळाचे अधीक्षक उभे. आई मला बघून म्हणाली, काही झालं नाही रे, हातच आहे. मग अधीक्षकांकडे बघून म्हणाली, त्या पानावर मजलाच लिहिला नव्हता हो. अधीक्षकांनी माझ्याकडे बघितलं.

त्या वेळी मी काही विचार केला असता तर बरं झालं असतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "माहिती भरताना मजला राहून गेला असेल. आमच्याकडे जे येतं तेच आम्ही दाखवतो."

आईचा चेहरा एकदम हलका झाला. मनगट मोडलेलं, ओठ दाबून धरलेले, आणि तरी चेहरा हलका झाला. "बघा," ती अधीक्षकांना म्हणाली, "मी म्हणतच होते, ह्याची चूक नसणार." अधीक्षकांनी मान हलवली आणि विचारलं, माहिती रेकॉर्डमधल्या बाईंनी भरली ना? मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

मग बाहेरच्या बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला आणि तक्ता काढला. तळमजल्याचे अकरा विभाग होते. अकराही ओळींत शून्य होतं, एकाखाली एक, पट्टीनं आखल्यासारखं. माझ्या लाडक्या हत्याराला शून्य म्हणजे काहीच नाही. 'मजला आहे का?' मी विचारलं होतं, त्यानं शून्य बघितलं, 'नाही' म्हणालं आणि ओळ गाळली. अकरा पानांवर गाळली. मेहुणीनं जे सांगितलं होतं, बरोब्बर तेच.

पंधरा मिनिटांत मी ते दुरुस्त केलं. पान परत उघडलं: तळमजला, खोली १४. अधीक्षकांची खोली त्या बाकापासून वीस पावलांवर होती, दार उघडं होतं, ते आत दिसत होते. उठून जायचं आणि म्हणायचं, साहेब, चूक माझी आहे. एवढंच. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि टॅक्सी बघायला गेलो.

त्या दिवशी का गेलो नाही, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. कामाची भीती होती, ती थोडी. मेहुणी 'मी म्हणाले होते' म्हणेल ही त्याहून जास्त. आणि खरं सांगायचं तर आईचा तो हलका झालेला चेहरा मला परत जड करायचा नव्हता. हे मी तेव्हा स्वतःला प्रेम म्हणून सांगितलं. प्रेम कसलं, निव्वळ नीचपणा होता.

पुढचे दहा दिवस आई घरात बसून रेकॉर्डबाईंचा उद्धार करत होती. न बघितलेल्या बाईवर माणूस किती बोलू शकतो हे मी ऐकलं. टाइप करायला बसते की डुलक्या काढायला, असल्या बायकांमुळेच, मी पंचेचाळीस वर्षं शिवण केलं पण एकाचं बटण दुसऱ्याला लावलं नाही. बायको तिला डाव्या हाताशी चमचा देत असे, आणि मी समोर बसून मूग गिळून भात जेवत असे. एकदा आई म्हणाली, तू इतका गप्प का, तूही तिला दोन शब्द सुनाव की. मी म्हटलं, जाऊ दे ना आई. तर बायकोला म्हणाली, बघ, किती मोठ्या मनाचा आहे.

मेहुणी गावाला गेली होती, सोमवारी परतली. आमच्या कामात कुणी काय कधी बदललं ह्याची नोंद आपोआप राहते. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात, ते ह्या नोंदीसारखंच. तिनं नोंद वाचली, वेळ वाचली, खुर्ची माझ्याकडे फिरवली. मला वाटलं, आता बोलेल, मी म्हणाले होते. ती ते बोललीच नाही. तिनं विचारलं, "सांगितलंत?"

सांगतो, म्हटलं. मंगळवारी जाताना तिनं परत विचारलं, सांगितलंत? बुधवारीही तेच. शुक्रवारी तिनं विचारलं नाही. पिशवी खांद्याला लावली आणि दारातून म्हणाली, रविवारपर्यंत थांबते, सोमवारी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. मी रागावलो. कुणावर रागावलो देव जाणे. आमच्या घरात नाक खुपसू नकोस असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, ते माझ्या बहिणीचंही घर आहे.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात रेकॉर्डबाई. हातात सफरचंदांची पिशवी, चष्मा दोरीला लोंबकळत. मला म्हणाल्या, भाऊ, मावशींना भेटायला आले, चालेल ना?

चालणार नाही असं कसं म्हणू? आत आणलं. आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. ही कोण हे कळताच तिचं तोंड आवळलं. बायकोनं चहा ठेवला. रेकॉर्डबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि प्लास्टरकडे बघत राहिल्या.

"मावशी, मला माफ करा," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत अशी चूक झाली नव्हती. ह्यांनी मला शून्य लिहा म्हणून सांगितलं होतं, तेवढं आठवतं. मी लिहिलंही असं वाटतं. पण नव्हतंच म्हणतात, तर नसणार. वाटण्याला काय अर्थ आहे?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्या हळूहळू बोलत होत्या. अधीक्षकांनी लेखी मागितलं होतं, म्हणून शुक्रवारी त्यांनी लिहून दिलं होतं, चूक माझी आहे. हल्ली त्या प्रत्येक कागद पाच वेळा तपासतात, तरी घरी गेल्यावर वाटतं की काहीतरी राहिलं. डोळे तपासून आल्या, डोळ्यांत काही दोष निघाला नाही. मग डोक्यातच काही होतंय का, अशी भीती वाटते. त्यांच्या आईचं तसं झालं होतं, विसरत विसरत.

आईचं आवळलेलं तोंड सैल झालं. ती रागीट असली तरी दुष्ट नाही. तिनं डावा हात पुढे केला आणि म्हणाली, असू दे बाई, माणूस आहे, होतं एखाद्या वेळी. दहा दिवसांचा राग तिनं एका वाक्यात सोडून दिला. आणि त्या बाई रडायला लागल्या.

तेव्हा मी बोललो. स्वतःहून बोललो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला ते बघवेना, इतकंच. मी म्हटलं, "शून्य होतं. अकराच्या अकरा ठिकाणी होतं. तुम्ही सगळं बरोबर भरलं होतं. माझ्या हत्यारानं ते गाळलं."

बायको चहाचे कप घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. आईनं माझ्याकडे बघितलं. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुला प्लास्टर घालत होते तेव्हा."

आई म्हणाली, "मी हिला रोज शिव्या देत होते. तू समोर बसून जेवत होतास."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. आमची फरशी चांगली पक्की आहे.

रेकॉर्डबाई मला बोलतील, उठून जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघून एकच विचारलं. "म्हणजे मी शून्य लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं."

त्या हसल्या. कायम व्हायची यादी, लिहून दिलेला कागद, ह्यातलं काही त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नव्हतं. आपले डोळे शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे, ह्याचं ते हसू होतं. ते मी त्यांच्याकडून दहा दिवस काढून घेतलं होतं. मला आयुष्यात कुणाच्या रागाची इतकी लाज वाटली नाही जितकी त्या हसण्याची वाटली.

आईनं मला कागद आणायला लावला. म्हणाली, माझा हात मोडलाय, नाहीतर मीच लिहिलं असतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. 'मला त्याच दिवशी ठाऊक होतं' हे वाक्य मी खाली ढकलायला बघत होतो, तिनं ते पहिलं घालायला लावलं.

सोमवारी सकाळी मी अधीक्षकांना कागद दिला. त्यांनी दोनदा वाचला. यादी शुक्रवारी संध्याकाळीच वर गेली होती, बाईंचं नाव काढून. आता पुढच्या वर्षीच बघता येईल, ते म्हणाले, हा कागद मी त्यांच्या फायलीला लावतो, माझ्या हातात तेवढंच आहे. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात ना? मला वाटलं, आईसाठी बसलाय."

काम त्यांनी आमच्याकडेच ठेवलं. हत्यार बदललं, मेहुणीनं निवडलं ते घेतलं. ते मोठं आहे, जड आहे, येताजाता शंका काढतं. ती 'मी म्हणाले होते' असं अजून म्हणालेली नाही. म्हणाली असती तर मोकळा झालो असतो.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि आईचे व्यायाम सुरू झाले. आता मी तिला सोडायला जातो, ती नको म्हणत नाही. आधी आम्ही रेकॉर्डच्या खोलीशी थांबतो. आई आत जाऊन बाईंशी चार शब्द बोलते, मी बाहेर उभा राहतो. बाई माझ्याशीही नीट बोलतात. पट्टी अजून तशीच, एकेक घर खाली.

मग औषधांच्या खिडकीशी येतो. वळणावर आता मोठी पाटी लावलीय, चौदाचा आकडा लांबून दिसतो. आम्ही आठ वेळा तिथे गेलो आहोत. तरी आई दर वेळी दारावरच्या शिपायासमोर थांबते.

"खोली चौदा कुठे हो?" ती विचारते.

आता तो तिला ओळखतो. पहिल्यांदा त्यानं म्हटलंही होतं, आजी, मुलगा आहे की बरोबर, त्याला माहीत असेल.

"असेल," आई म्हणाली. "तुम्ही सांगा."